पायरीवरचं गिऱ्हाईक
ओल्या चामड्याचा वास आला की मला ती पुराची दुपार आठवते. पंचगंगेचं पाणी माझ्या चपलांच्या दुकानाच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं आणि आत पुण्याची एक मुलगी अडकली होती. ती व्हिडिओ गेमसाठी चित्रं काढायची. गेममधल्या बाजारासाठी खऱ्या पेठा बघत फिरत होती. होडीची वाट बघताना तिनं टांगलेल्या चपला, वीज गेली म्हणून लावलेला कंदील, माझ्या मिशा, सगळं वहीत काढलं. मग वडिलांसाठी एक जोड उचलून घासाघीस सुरू केली. आमच्याकडची रीत अशी, की गिऱ्हाईक रागानं पायरी उतरतं आणि दुकानदार मागून हाक मारून किंमत कमी करतो. तीही उठली, पण पाण्याकडं बघून परत बसली. "काका, थोडं तरी कमी करा ना." "एक रुपया न्हाय. जायाचं तर जावा की पावणं, दार उघडंच हाय!" मी हसलो. तिनं मुकाट्यानं मी सांगितलेले पैसे दिले. परवा लेकीनं तो गेम लावून दिला. काय देखणं काम! पाऊस, कंदिलाचा उजेड, भिंतीवर चपलांच्या सावल्या, आणि माझ्या मिशांचा दुकानदार. त्यानं किंमत उतरवल्याशिवाय अडकलेल्या नायिकेला बाहेरची वाट मिळत नाही. मी त्या मुलीला दोनदा चहा पाजला होता, तो मात्र गेममध्ये कुठंच नाही. तासभर मी त्या दुकानदाराशी घासाघीस केली, शिव्याही घातल्या. तो नुसता हसतो आणि म्हणतो, "दार उघडंच हाय."