गोडे

माझ्या बायकोचे थोरले भाऊ, आम्हा सगळ्यांचे अण्णा, एका वाक्यात दोन राज्यं फिरवून आणतात. आपण कुठं उतरलो ते ऐकणाऱ्यानं शोधायचं. मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून ते सीमेवरच्या सदलग्यात बसून नातेवाइकांची घरं फोनवरून दुरुस्त करतात. लग्नाला गेले तरी अक्षतांआधी कार्यालयाची भिंत बोटानं वाजवून बघतात. एकदा वधूपित्याच्या कानात हळूच म्हणाले, "आतनं पोकळ हाय." त्या बिचाऱ्याला वाटलं, जावयाबद्दल बोलतायत.

बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या बाथरूमला टाइल्स बसवायचं ठरलं. भिंतींना जुना ऑइलपेंट. अण्णांचा फोन आला, "पावणं, उद्या गवंडी घेऊन येतो. तवर गोडे घासून ठेवा चांगलं, रंग सुटाय पायजे." विचारायला हवं होतं, पण मी विचारणारा माणूस नव्हे. स्वयंपाकघरातलं गोडेतेल घेतलं आणि चारी भिंतींना चोळलं. रंग काही सुटेना; भिंती मात्र नव्या नवरीसारख्या चकाकायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी भिंतीवर हात ठेवला, तो घसरला.

"तेल कुणी लावलं?"

"तुम्हीच सांगितलंत की."

गवंडी म्हणाला, "मास्तर, हितं टाइल धरत न्हाय. भजी तळूया."

अण्णा हसले नाहीत. "मी तेल सांगितलतो? मला तर आठवत न्हाय."

"अण्णा, तू हल्ली लई विसराय लागलास," बायको चहा देता देता म्हणाली.

ते उलट्या बादलीवर बसले. "आप्पांचं बी असंच सुरू झालतं," इतकंच बोलले. त्यांच्या वडिलांना शेवटी पोरंही ओळखू येत नव्हती.

गवंड्यानं सुरुवात कुठून करू विचारलं. अण्णांनी बसल्या बसल्या बोट दाखवलं, "आदी ही गोडे घे."

तेव्हा मला उमजलं. कन्नडात गोडे म्हणजे भिंत. जन्म बेळगावात गेला, शब्द ठाऊक होताच. मराठीच्या मधोमध उभा राहिला म्हणून ओळखला नाही. गप्प राहिलो असतो तर माझं हसं टळलं असतं, आणि अण्णा उरलेलं आयुष्य स्वतःलाच तपासत बसले असते. गप्प राहणं मला चांगलं जमतं. तरी म्हणालो, "अण्णा, तुम्ही भिंतच सांगितली होती. मी तेल ऐकलं."

ते बादलीवरून पुढे झुकले. "खरं? का मन राखताय?"

"खरं."

"म्हणजे डोस्कं अजून जाग्यावर हाय," म्हणाले आणि उठले. सोड्यानं तेल धुतलं, रंग खरवडला, टाइल धरावी म्हणून छिन्नीनं भिंतभर टाचे मारून घेतले. टाइल्स घट्ट बसल्या.

आता त्यांचा फोन येतो तेव्हा ते शुद्ध मराठीत बोलतात, एकेक शब्द पारखून, मध्ये थांबून. मला सगळं कळतं. फोन मात्र लवकर संपतो.