पुसायचं नाही, दाबायचं

तिचं नाव फक्त हजेरीपटावर होतं. त्वचेच्या त्या दवाखान्यात सगळे तिला ‘पाच मिनिटं’ म्हणत. तोंडावर ‘सिस्टर’, पाठ फिरली की ‘पाच मिनिटं आली बरं का!’

बावीस वर्षांपूर्वी ती इथे लागली ती फरशी पुसायला. एकदा ऐन वेळी मदतनीस आली नाही, म्हणून मोठ्या डॉक्टर मॅडमनी हिलाच हातमोजे चढवून टेबलापाशी उभं केलं. पेशंटच्या खांद्यावरून रक्त आलं आणि हिने सवयीने सर्रकन पुसलं. पुन्हा आलं, पुन्हा पुसलं. मॅडम कडाडल्या, “अगं, ती फरशी नाही! रक्त स्वतःच गोठून झाकण तयार करतं, आणि तू ते झाकण खरवडून काढतेयस. पुसायचं नाही, दाबायचं. पाच मिनिटं. आणि मधे उचलून बघायचं नाही.”

तेव्हापासून तिने कुणाला बघू दिलं नाही.

पुढे शिकली, परीक्षा दिली, टेबलापाशीच राहिली. ट्रेमध्ये दोन बाटल्या असायच्या. एक पाण्यासारख्या औषधाची, एक तपकिरी. दोन्ही रक्त थांबवायच्या. तपकिरी जास्त झटपट, पण तिच्यात लोह. पाठीवर, तळपायावर चालायची. चेहऱ्यावर कधी कधी तिचा डाग कायमचा बसायचा. मॅडमनी एकदा सांगितलं होतं, हिने ते कायम पाळलं.

मग नवीन डॉक्टर आले. तरुण, हात सफाईदार, पायाला भिंगरी. पहिल्याच महिन्यात त्यांनी हिला सुनावलं, “तुमच्या पाच मिनिटांत माझे दोन पेशंट होतात. परत मधे बोललात तर फायलींच्या काउंटरवर बसाल.”

आणि त्या गुरुवारी टेबलावर आल्या शिवणकामवाल्या बाई. नाकाशेजारी गालावर वाटाण्याएवढा मस. टॉवेल लागला की भळाभळा वाहायचा. छातीत पेसमेकर, म्हणून जखम डागून रक्त थांबवणारं मशीन बंद ठेवलेलं. वर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू.

“शाळेत मला ‘बटण’ म्हणायचे,” तोंडावरच्या हिरव्या कपड्याखालून बाई म्हणाल्या. “आणि नशीब बघा, जन्मभर बटणंच लावली. आता आरशात कोरा गाल बघायचाय बाई एकदा.”

“बोलू नका, गाल हलतो,” डॉक्टर म्हणाले. पात्याने मस अलगद सुटला आणि रक्त पाझरायला लागलं. डॉक्टरांनी पुसलं, पाण्यासारख्या बाटलीतलं औषध लावलं. ते रक्ताबरोबर वाहून गेलं. पुन्हा पुसलं. पुन्हा लावलं. पुन्हा वाहिलं.

“तपकिरी द्या.”

“सर, चेहरा आहे.”

“तळपाय समजून नाही कापलं मी. द्या.”

“डाग राहतो सर.”

“शंभरात एखाद्याला.”

“मग शंभरातल्या त्या एक या बाई नाहीत, एवढं लिहून द्या.”

कपडा हलला. “अहो, मी जागी आहे बरं का! कसला डाग? मी डाग काढायला आलेय, बदलून घ्यायला नाही.”

डॉक्टरांचे कान लाल झाले. “सिस्टर, बाहेर चौदा पेशंट आहेत. फरशी पुसत आलेल्या बाईने मला शिकवू नये.”

तिने तपकिरी बाटली उचलली आणि सरळ ॲप्रनच्या खिशात टाकली.

“म्हणूनच सांगते. पुसण्यातलं मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही पुसताय.”

ताजे हातमोजे चढवले, गॉजची घडी गालावर ठेवली, वर दोन बोटं. “घड्याळ बघा.”

“हात काढा.”

“काढते. पाच मिनिटांनी.”

दुसऱ्या मिनिटाला डॉक्टरांची बोटं गॉजकडे आली. “बघू जरा.”

“बघायचं नाही.”

“सिस्टर, उद्यापासून काउंटर.”

“उद्यापासून ना? आज अजून तीन मिनिटं आहेत.”

“ताई,” कपड्याखालून आवाज आला, “तुमच्या काउंटरच्या खुर्चीला उशी शिवून देते मी.”

“हसवू नका, दाब सुटेल!”

पाच मिनिटं झाली. तिने एका हाताने पाण्यासारखी बाटली डॉक्टरांपुढे धरली. “सर, कापसाची काडी भिजवून तयार ठेवा. मी गॉज फिरवत उचलते, मागोमाग लगेच लावा. कोरडं आहे तोवरच हे औषध चालतं.”

डॉक्टरांनी काडी भिजवली. गॉज फिरत उचलला गेला, काडी टेकली, धरली.

रक्त आलं नाही.

डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला. संध्याकाळी मात्र त्यांचा कागद आला: आदेश न पाळल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. तिने उभ्या उभ्या लिहिलं, “मी जखम दाबली. बाकी काही दाबणार नाही.” खाली सही ठोकली. मॅडम परगावी होत्या. दुसऱ्या दिवशी ती काउंटरवर.

तिथेही ती गप्प बसेल तर शपथ! फायलीवर ‘गोळ्या कोणत्या?’ हा रकाना रिकामा दिसला की पेशंट परत. “आधी सांगा, मग आत.”

दहा दिवसांनी शिवणकामवाल्या बाई आल्या. काखेत उशी. काउंटरवर वाकून गाल पुढे केला. “बघा. आता बघायचं.”

गुलाबी, कोवळी कातडी. तपकिरी ठिपकासुद्धा नाही. तिने बोट लावलं नाही, नुसतं डोळे भरून पाहिलं.

तेवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज. “अरे, काउंटरवरच्या बाईंना पाठवा! लवकर!”

तिने फाइल मिटली, उशी खुर्चीवर नीट ठेवली आणि त्या उशीवर बसली.

“इथे कुणी बाई नाही,” तिने दाराच्या दिशेने खणखणीत सांगितलं.

बाहेरचे पेशंट मान वळवून बघायला लागले.

“…सिस्टर, येता का? नाकाच्या शेंड्यावर आहे. थांबत नाहीये.”

“आले!” ती उठली, बाह्या सरसावल्या. “तोवर दाबून धरा. आणि सर, उचलून बघू नका!”