पळून आलेल्या सुमीला मी ओवाळलं

सांगते, पण आधी कपबश्या खाली ठेवा. मागच्या खेपेला हे ऐकताना जाऊबाईंच्या नाकातून चहा आला होता!

आमची सुमी तेव्हा नऊ वर्षांची. पिरंगुटच्या शाळेत शर्यती होत्या. आणि पोरगी पळाली म्हणता! एसटी मागं पडावी अशी! पहिली आली ती थांबलीच नाही, शाळेमागच्या आमच्या घरापर्यंत तशीच पळत आली.

"आई, मी पैली आले!"

आता तुम्हीच सांगा, पहिल्या आलेल्या लेकीला ओवाळल्याशिवाय घरात घेतील का? मी दारात पाट मांडला. "हितं सरळ उभी ऱ्हा. अजिबात हलायचं न्हाई!"

कुंकू लावलं, निरांजन फिरवायला घेतलं, तोच पोरगी पांढरीफटक. आणि धप्प!

सासूबाई ओरडल्या, "अगं, दिष्ट लागली! समद्या गावानं बघितली न्हवं का पळताना!"

सुमीनं डोळे उघडले. पडू द्यावी की नाही घटकाभर? छे! दृष्ट काय निजलेल्या पोरीची काढतात? काखेत हात घालून तिला पुन्हा उभी केली, मीठमोहऱ्या उतरवायला लागले. पुन्हा धप्प!

"लई जबर दिष्ट हाय," सासूबाई म्हणाल्या.

मग माझा धीर सुटला. लेक हातची जाते की काय! एवढी घोडी कडेवर मारली आणि चढाच्या रस्त्यानं पळत सुटले ती थेट दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी सुमीला खाटेवर निजवलं, पायांखाली उशी दिली, दाब बघितला. थोड्या वेळात बया म्हणते, "भूक लागलीया!" माझ्या जिवात जीव आला.

"तुम्हीही बसा," बाई म्हणाल्या. पण डॉक्टरांपुढं खुर्चीत कसं बसायचं? डोक्यावर पदर घेऊन मी ताठ उभी.

"पळताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात. थांबलं म्हणून लगेच आवळत नाहीत," बाई सांगायला लागल्या. "चालत राहिलं तर पोटऱ्या रक्त वर ढकलतात. एका जागी उभं केलं की ते खाली साचतं, दाब उतरतो. मानेतल्या नसा मेंदूला खबर देतात, मेंदू हृदयाला निरोप धाडतो, वाहिन्या आवळायला लावतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर माणूस पडतो. आडवं झालं की रक्त पुन्हा डोक्याकडं."

अहो, मी ऐकतच राहिले! एवढ्याशा पोरीच्या अंगात एवढा कारभार? कुणी हाक मारत नाही, कुणी शिकवत नाही, आणि सगळे आपापल्या कामाला हजर! सातवीच्या पुस्तकात हृदयाचं चित्र होतं, मी ते नुसतं तांबडं रंगवलं होतं हो!

"म्हंजी पडून ती सावरत हुती, आन् मी..."

"तुम्ही तिला उभी करत होतात."

"काय तरी गुणाचं असतंय न्हाई अंग!" मी म्हणाले. तेवढ्यात बाई लांब लांब जायला लागल्या. भिंतीपण निघाल्या.

डोळे उघडले तर खाली फरशी, आणि वरून लेक दटावतेय, "आई, उठायचं न्हाई हां!"

खुर्चीत बसायला लाजणारी मी, डॉक्टरीणबाईंच्या त्याच खुर्चीवर दोन्ही पाय टाकून आडवी पडले होते!