आईचा सव्वा महिना

आई माझ्याकडे यायला निघाली तेव्हा दिवेआगरची आमची अख्खी आळी गाडीपाशी जमली होती. शेजारच्या सुमनकाकीनं तिची ओटी भरली. कुणी डिंक दिला, कुणी अळीव. वादळानंतर नव्यानं लावलेल्या सुपारीला पाणी कधी सोडायचं, हे आई गाडीत बसेपर्यंत सांगत होती. मी सोडले तर आळीतून परदेशी जाणारी ती पहिली बाई. हे सगळं मी इकडे व्हिडिओ कॉलवर पाहत होते, नववा लागलेलं पोट सांभाळत.

मी स्वतः गाव सोडलं तेव्हा म्हसळ्यापर्यंत फक्त बाबा आले होते. "पोचलीस की कळव," एवढंच म्हणाले. पुढे बाबा गेले आणि आम्ही दोघीच उरलो.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा नेम. डॉक्टरांनी मला विमानात बसू दिलं नाही, तेव्हा माहेरच माझ्याकडे यायला निघालं. त्यातच इकडच्या सरकारनं भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला. गावच्या ग्रुपवर ती बातमी मीच नाचत टाकली होती. व्हिसा नको म्हणजे कुणाला विचारायलाच नको, असं मला वाटलं. तुमच्यातले बाहेर राहणारे हसतील. पासपोर्ट पुढचे सहा महिने चालणारा हवा, परतीचं तिकीट हवं, उतरायचा पत्ता हवा, आणि एवढं सगळं असूनही आत घ्यायचं की नाही ते काउंटरवरचं माणूस ठरवतं. मी आईकडून पाठ करून घेतलं होतं: फिरायला आले, महिन्याच्या आत परत, हे तिकीट.

पण बाळंतपणाला आलेलं माणूस जायचा दिवस तोंडातून काढत नाही. बाळ यायच्या आधीच निघायची भाषा कोण करतं? काउंटरवरच्या बाईंना हिंदी येत होतं. परत कधी जाणार, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "बाळंतीण उठली की." कामासाठी आलात का? "मग? लेकीचं सगळं मलाच करायचंय." तिकीट पर्समध्ये होतं, ते तिनं काढलंच नाही. पर्यटक असं बोलत नाहीत. पुढच्याच विमानानं तिला परत पाठवलं.

मी बाहेर खुर्चीवर बसून दाराकडे बघत होते. फोन आला तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी खोटं काय बोलले गं? इथवर आले नि तुझं तोंड न्हाय दिसलं." आमच्या मधे फक्त एक भिंत होती. त्या भिंतीचा राग अजून गेलेला नाही.

आई गावाला परतलीच नाही. ओटी भरून पाठवलेली बाई चार दिवसांत कुठल्या तोंडानं दारात उभी राहणार? ती अलिबागला मावशीकडे दडून राहिली. मला मुलगी झाली. शेक कसा घ्यायचा, पोट कसं बांधायचं, सगळं आईनं फोनवरून शिकवलं. त्या डिंक-अळिवाचे लाडू मावशीच्या घरच्यांनी संपवले. सव्वा महिन्यानं ती दिवेआगरला गेली, आणि माझ्याकडून आल्यासारखी गेली.

मग गावात तिच्या गोष्टी सुरू झाल्या. माझं स्वयंपाकघर, बाल्कनीतून दिसणारे माड, मी फोनवर दाखवलेलं सगळं ती असं रंगवायची की ऐकणाऱ्यानं बॅग भरावी. एकदा मलाच विचारते, "तुझ्या मोरीतला नळ ठिबकायचा, दुरुस्त केलास का?" नळ खरंच ठिबकत होता. आम्ही दोघी पोट धरून हसलो. पुन्हा ये म्हटलं की मात्र म्हणायची, "एकदा आलेय की. आता पुरे."

गेल्या वर्षी आई गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. पडवीत बायका बसल्या होत्या. सुमनकाकीनं माझा हात धरला. "नको रडू पोरी. तुझं बाळंतपण तिच्या हातनं झालं, नातीला न्हाऊमाखू घातलं तिनं. हे काय कमी हाय?"

"व्हय काकी," मी म्हणाले. "लय केलं तिनं."

आता घर कुठं, असं कुणी विचारलं की मी मनात एकेक घर मोजून बघते. दिवेआगरच्या घराला कुलूप आहे. इकडच्या घराचा उंबरा आईनं कधी ओलांडला नाही. आम्ही दोघी आणि माझी लेक जिथं एकत्र राहिलो, असं एकच घर आहे, आणि ते सुमनकाकीच्या बोलण्यात आहे. काकी काही वाचत नाही, म्हणून हे लिहायचं धाडस केलं. तुमच्यापैकी कुणी दिवेआगरला गेलं, तर तिला यातलं काही सांगू नका. तेवढं घर मला राहू द्या.