समुद्र तिकडे आहे

मीनलवहिनीचा फोन आला तेव्हा मी डब्लिनच्या सँट्री भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. "विद्याधर गेला गं," ती म्हणाली. रात्री झोपेतच हृदय बंद पडलं. सकाळी ती चहा घेऊन उठवायला गेली, तर तो उठलाच नाही. मला आधी दुःख झालंच नाही, राग आला. पुढच्या शनिवारी मी स्लायगोला जाणार होते, तिघांनी फिरायला जायचं ठरलं होतं. असं कसं न सांगता निघून जायचं? याला आता काही आठवडे झाले, पण खरं सांगायचं तर तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

विद्याधरदादा माझा नात्यातला कुणी नव्हे. मी इंजिनिअर म्हणून पहिली नोकरी धरली ती आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्लायगोजवळच्या एका मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात. तेव्हा तिथल्या इस्पितळात तो भूलतज्ज्ञ होता, मिरजेला शिकलेला. आठवडाभर लोकांना झोपवायचं आणि शनिवारी आम्हाला पहाटे उठवायचं, असा त्याचा उद्योग. आम्ही चार-पाच मराठी मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून त्याच्या मागे समुद्रकाठच्या पायवाटा तुडवायचो. कधी स्ट्रँडहिलची वाळू, कधी ऑग्रिसचा कडा. वारा असा की टोपी गेली तर गेलीच, मागे धावायचं नाही.

त्याचा एकच नियम होता आणि तो भयंकर होता. जागेवर पोचलं की कॅमेरा बाहेर काढायचा नाही. आधी उभं राहायचं, बघायचं आणि काय दिसतंय ते मोठ्यानं सांगायचं. आधी आकाश, मग डोंगर, मग पाणी, मग पायाखालचं. 'सुंदर', 'अप्रतिम' असले शब्द चालायचे नाहीत. दिसतं काय, ते बोल. एकदा मी वैतागून म्हटलं की दादा, गारठून बोटं गळून पडतील, काढू दे की फोटो. तर म्हणतो कसा, बोटं खिशात घाल आणि तोंड चालू ठेव, ते तुझं कधी गारठत नाही. पण गंमत म्हणजे बोलता बोलता खरंच दिसायला लागायचं. सरसकट करडा वाटणारा समुद्र खडकांपाशी हिरवट निघायचा, आणि ढगाखाली उजेडाची एक अरुंद पट्टी सरकत असायची. ती पट्टी खडकावर येईपर्यंत तो आम्हाला थांबवून ठेवायचा. आमचे फोटो चांगले यायचे ते त्या थांबण्यामुळे.

मीनलवहिनी तेव्हा या फिरण्याला कधी आली नाही. तिला त्या वाऱ्याचा मनस्वी तिटकारा. समुद्र बघून पोट भरतं का, म्हणायची, आणि आम्हा सगळ्यांची थालीपिठं बांधून द्यायची.

मग दादाचे डोळे बिघडले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला होता. कडेचं दिसतं, मधलं जातं, असं त्यानं आम्हाला पेशंटला समजावतात तशा शांत आवाजात सांगितलं. इस्पितळातलं काम त्यानं आपणहून सोडलं. कुणी चौकशी केली की इथल्या लोकांसारखं "ग्रँड, ग्रँड", म्हणजे सगळं झकास, म्हणून मोकळा व्हायचा. मला मात्र एकदा गाडीत म्हणाला, "समुद्राचं काही नाही गं. तो कडेनंही दिसतो. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. मीनलचा चेहरा जातोय माझ्या हातून." मी गाडी चालवत होते. तोंडाळ म्हणून माझी ख्याती, पण तेव्हा मी फक्त गाडीचा वेग कमी केला.

फिरणं त्यानं सोडलं नाही. आता मी सांगायचे आणि माझ्या सांगण्यावरून तो कॅमेरा लावायचा. यावरून घरात रोजची खडाजंगी सुरू झाली. कड्यावरून पाय घसरला तर? तू नेतेस म्हणून तो जातो, असं वहिनीनं मला तोंडावर सुनावलं. तिचं चूक होतं असं नाही. पण घरी बसवला असता तर तो खुर्चीत बसल्या बसल्या विझला असता, हे मला दिसत होतं. शेवटी वहिनी म्हणाली की मी स्वतः येते, कुठे नेतेस ते बघते आणि मग हे कायमचं बंद करते.

आम्ही ऑग्रिसला गेलो. वहिनी दोन स्वेटर घालून, तोंड फुगवून उभी. दादा तिला म्हणाला, आज तू सांग काय दिसतंय. तिनं आधी उडवून लावलं, मग नाइलाजानं सुरुवात केली. वर ढग आहेत, उतू जायला आलेल्या दुधासारखे. पाण्यावर साय धरलीय. खाली दोन काळे पक्षी आहेत, एक नुसताच बसलाय, दुसरा त्याच्यावर ओरडतोय, आपल्यासारखं. ती बोलत सुटली, आणि दादानं आवाजाच्या रोखानं कॅमेरा हळूच वळवला.

"अरे, समुद्र तिकडे आहे," वहिनी म्हणाली.

"माहितीय," तो म्हणाला. "तू बोलत राहा."

तिला समजलं. तिनं वाऱ्यानं उडालेले केस कानामागे सारले आणि ती पुन्हा बोलायला लागली. मी उगाचच ट्रायपॉड आवरायला घेतला.

बंद करण्याचा विषय तिनं परत काढला नाही. पुढे मी नोकरी बदलून डब्लिनला आले, बाकीचेही पांगले, पण दर शनिवारी ती दोघं जात राहिली. आवाजावरून काढलेले ते फोटो म्हणजे काय सांगू... कुठे वहिनीचं अर्धं डोकं, कुठे नुसता स्वेटर, आणि मधूनच एखादा अख्खा चेहरा, बोलता बोलता टिपलेला. तो चेहरा वहिनी घरी मोठ्या स्क्रीनवर लावायची आणि दादा मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत बसायचा. नवरा-बायको एकमेकांकडे इतकं बघतात हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

परवा रविवारी वहिनीकडे गेले होते. तिनं चहा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून कप पुसता पुसता बोलायला लागली. माझ्याशी नव्हे. वर सगळं पांढरं आहे. डोंगराचा माथा दिसत नाही. खालचं शेत ओलं आहे. मेंढ्या भिंतीला चिकटून उभ्या आहेत... तिथे ती थांबली. मी वळून पाहिलं तर तिचे डोळे वाहत होते.

"पुढचं मला दिसत नाहीये," ती म्हणाली. "तू सांग."

मी खिडकीशी गेले आणि मेंढ्यांच्या पुढचं सांगायला लागले.