डिस्क ब्रेक आणि आमचे साडू

दुसऱ्याच्या वस्तूंवर इतका हक्काने हात टाकणारा माणूस माझ्या साडूंशिवाय अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आमच्याकडे आले की चपला नंतर काढतात, आधी दाराच्या बिजागरीत तेल सोडतात. हो, तेल! शिवणयंत्राच्या तेलाची बाटली खिशात घालून फिरतो हा गृहस्थ. आमची कुलपं, आमचं कपाट, शेजारच्या गुजराती भाभींचा झोपाळा, सगळ्यांना यांनी तेल पाजलंय. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. वर तोंड करून म्हणतात, "वस्तू कुरकुरली की समजायचं, ती मला हाक मारतेय."

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला सायकल चालवायला सांगितली, तेव्हा मी गुपचूप साधी माउंटन बाइक घेणार होतो. बायकोने बहिणीला फोन केला आणि माझी सायकल त्या क्षणी यांची झाली. दुकानात मी साध्या रबरी ब्रेकच्या सायकलवर हात ठेवला, तर यांनी तो उचलून बाजूला केला. "डिस्कच घ्यायची." का म्हणून? चाकाच्या मधोमध एक चकचकीत चकती, ती ब्रेकने पकडायची, एवढ्यासाठी जास्तीचे पैसे? भाईंदरमध्ये सायकल थांबवायला ब्रेक लागतो कुठे, ट्रॅफिकच थांबवतं! "आणि उत्तनला जाशील तेव्हा? डोंगरीच्या उतारावर तुझा मामा थांबवणार आहे?" मग दुकानदाराला म्हणाले, "भाईसाब, पानी लाओ." भर दुकानात दोन्ही सायकलींच्या चाकांवर बाटलीभर पाणी ओतलं. रबर घसरलं, डिस्कने चाक जागच्या जागी धरलं. "अंकल सही बोल रहे हैं," दुकानदार म्हणाला. झालं! माझं मत विचारतो कोण?

दसऱ्याला सायकल धुऊन, हार घालून टेकडीवरच्या देवीला दाखवायला न्यायची, हा हुकूमही यांचाच. मी घामाघूम होऊन पेडल मारतोय आणि हे मागून रिक्षातून ओरडतायत, "गिअर बदल! गिअर!" ओल्या चकत्या ब्रेक दाबला की कुईं करत होत्या. वर पोचून मी देवीला नमस्कार करून आलो, तर हे सायकलपाशी उकिडवे बसलेले. दोन्ही चकत्यांना तेल! जी चकती घट्ट धरून सायकल थांबायची, तीच बुळबुळीत करून ठेवली! पण खरं सांगतो, तेव्हा मलाही ते सुचलं नाही. मी सायकलवर बसणार तोच यांनी हँडल धरलं. "थांब. मी हात लावलेली वस्तू आधी मीच चालवून बघतो." आणि निघाले. पहिल्या वळणापर्यंत ऐटीत. मग दोन्ही पाय हवेत आणि आरोळी, "तू येऊ नकोस रे!" अहो, येऊ कशावर? सायकल तर तुमच्याखाली!

खाली बोंबील वाळत घातलेल्या बांबूंमध्ये जाऊन थांबले. मी रिक्षाने पोचलो तेव्हा एक कोळीण कमरेवर हात ठेवून विचारत होती, "ब्रेक न्हाय तर सायकल काढलीस कशाला?" मनगट सुजलेलं, अंगावर बोंबील. मला जो संताप आला! साठी उलटली, अक्कल नाही, जीव गेला असता तर, वाट्टेल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "माझं सोड. तू बसला असतास तर? सुमाला काय सांगितलं असतं मी?" सुमा म्हणजे माझी बायको. मी त्यांच्या अंगावरचे बोंबील काढायला लागलो.

प्लास्टर निघालं. सायकलवाल्याने ब्रेकचे पॅड बदलून दिले, डिस्क आता चोख धरते. जास्तीचे पैसे वसूल झाले, हे मी कबूल करतो. पण साडू हल्ली आले की सोफ्याच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसतात. कशाला म्हणून हात लावत नाहीत. परवा उकडत होतं, तर मला म्हणाले, "पंखा लावू का?" माझ्या घरात मला विचारून पंखा लावणारे हे कोण? इतका राग मला उतारावरसुद्धा आला नव्हता. "विचारताय काय, लावा की!" मी ओरडलोच. ते नुसते हसले, पण उठले नाहीत. शेवटी पंखा मीच लावला.