नानाजी उमाट्यांची दोरी

छायाचित्रकार नारायण गणपत उमाटे यांचे माघातल्या शेवटच्या मंगळवारी सकाळी हिंगणघाट येथे राहत्या घरी निधन झाले. हृदयविकाराचा झटका, असे डॉक्टरांनी सांगितले. गावात ते नानाजी म्हणून ओळखले जात. गिरणीच्या रस्त्यावरचा त्यांचा स्टुडिओ त्या दिवशी उघडला नाही. नागपूरला आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत बातमी दुपारी टेलिफोनवर आली आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींत छापली गेली. त्या मजकुरात एक गोष्ट नव्हती, कारण तेव्हा ती मला ठाऊक नव्हती. नानाजी शेवटची काही वर्षे आंधळे होते... आणि त्या वर्षांत आलेले एकही लग्न त्यांनी परत पाठवले नव्हते.

हे मला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी तेरवीनंतर सांगितले. आमचे घर त्यांच्या घराला लागून असल्याने मी लहानपणापासून त्यांना काकू म्हणतो. ही गोष्ट छापली तर चालेल का, असे मी विचारले. काकू अंगणातले वाळत घातलेले गहू हाताने पसरत होत्या. पसरता पसरताच त्या म्हणाल्या, "छाप. ते होते तवा लपवलं. लोकायले समजलं असतं तं एक लगन भेटलं नसतं. त्यायचा जीव त्याच्यातच होता. आता कोनाले भ्यायचं हाय?"

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. उत्तरेकडच्या छपरावर कौलांच्या जागी काच बसवलेली आणि तिच्याखाली मांजरपाटाचा सरकता पडदा; ऊन कडक झाले की पडदा ओढायचा. समोरच्या भिंतीवर रंगवलेला देखावा होता. त्यात जिना, कठडा, फुलांची कुंडी आणि लांबवर एक तळे होते. कॅमेरा सागवानी, भात्याचा, तिकाटण्यावर उभा राहणारा. शहरात फिल्मचे लहान कॅमेरे येऊन बरीच वर्षे झाली होती, पण नानाजींनी काचेची प्लेट सोडली नाही. त्यांच्यासमोर गिरणीतले कामगार बसले, कापसाचे शेतकरी बसले, नोकरीच्या अर्जाला फोटो हवा म्हणून शाळामास्तर आणि कारकून बसले. मीही बसलो. फोटोसाठी बसलेला माणूस श्वास कोंडून धरतो. नानाजी मोठ्याने म्हणत, "एक... दोन..." तीनची वाट पाहणारा चेहरा मध्येच क्षणभर सैल पडतो. त्याच क्षणी नानाजींच्या मुठीतला, कॅमेऱ्याचे भिंग उघडणारा रबरी फुगा दाबला जाई. तीन त्यांनी कधी म्हटले नाही. फोटो निघाला हे गिऱ्हाइकाला पटत नसे.

"अजून तीन कुठं म्हटलं तुमी?"

"तीन म्हटलं का मानूस फोटोत मेलेला दिसते," नानाजी म्हणत. "उठा आता. का जेवूनच जाता?"

दोरीची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर समोरचे चित्र उलटे पडते. डोक्यावर काळे कापड घेऊन ते पाहायचे आणि भाता मागेपुढे सरकवून चेहरा स्पष्ट करायचा, अशी रीत आहे. खेड्यातल्या लग्नघरी ओसरीच्या सावलीत त्या काचेवर धड काही दिसत नसे. म्हणून नानाजींनी धंद्याच्या सुरुवातीलाच एक सुती दोरी केली. तिचे एक टोक भिंगाखालच्या कडीत अडकवलेले असे. दोरीवर गाठी होत्या. पहिली एकट्या चेहऱ्याची, त्यापुढची बसलेल्या जोडप्याची, सगळ्यांत लांबची मंडळींच्या ग्रुपची. भाता ज्या पट्टीवर सरकतो तिच्यावर प्रत्येक गाठीची एक खाच होती. गाठ माणसाच्या डोळ्याच्या कोपऱ्याला टेकली आणि भाता तिच्या खाचेत बसला, की चेहरा स्पष्ट येणारच. काचेत डोकावायची गरज उरत नसे.

मात्र नवरीच्या डोळ्यापाशी परक्या पुरुषाचा हात जाणे कोणत्याही घरी चालण्यासारखे नव्हते. पहिल्याच हंगामात अल्लीपूरकडच्या एका लग्नात नवरीच्या भावाने नानाजींचा हात धरला होता. तेव्हापासून काकू प्रत्येक लग्नाला सोबत जाऊ लागल्या. गाठ त्या लावत. पदर सारखा करणे, मुंडावळ्या डोळ्यांवरून बाजूला घेणे, शालूच्या निऱ्या पायांवर पसरणे हे त्यांचेच काम झाले. मग दोरीचे टोक हातात ठेवूनच त्या चौकटीबाहेर उभ्या राहत. आपल्याकडच्या नवऱ्या मान वर करत नाहीत. काकू हळूच म्हणत, "वर पाह्य माय. सासू तिकडं पंगतीत बसली हाय, तुले नाई पाहून राह्यली." मुलीला हसू येई, नजर वर उठे. ती नजर तिकाटण्यापाशी उभ्या असलेल्या माणसाआधी शेजारी उभ्या असलेल्या बाईला दिसते. काकू दोरीला हलका हिसका देत आणि तो बोटांना जाणवताच नानाजी फुगा दाबत. पाहणाऱ्यांना वाटे, बाई दोरी आवरून घेते आहे. वर्धा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत भिंतीवर नवरीचे जे डोळे आहेत, ते कधी टिपायचे हे काकूंनी ठरवले होते. ही पद्धत नानाजींना चांगले दिसत होते तेव्हाची आहे.

डोळे गेले ते काचबिंदूने. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या आधीपासून त्यांना बाजूचे दिसत नव्हते. नंतर समोरचेही गेले. काकूंनी त्यांना नागपूरला डॉक्टरांकडे नेले. गेलेली नजर परत येणार नाही, एवढेच तिथे कळले.  परतीच्या मोटारीतून हिंगणघाटला उतरल्यावर नानाजी म्हणाले, "अवो, लगन एकदाच होते. ते आंधळ्याच्या हाती कोन देईन?" मग म्हणाले, "पन दोरी तं हायच ना आपली."

त्यांनी सायकल सोडली. गुडघा दुखतो, असे गावात सांगितले. या लेखासाठी मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या बहुतेकांनी नानाजींच्या गुडघ्याबद्दल हळहळ व्यक्त केली. एकाने त्यांना त्या काळी तेलही आणून दिले होते. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. "गुडघा धडधाकट होता त्यायचा. ते तेल मी दिव्याले वापरलं."

अंधारखोलीत त्यांना अडचण अशी आलीच नाही. प्लेट चौकटीत भरणे, औषधात टाकणे, काढणे हे काम त्यांचे हात आधीपासून न पाहताच करत होते. नेगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने देवीचे व्रण आणि सुरकुत्या बुजवण्याचे काम पहिल्यापासून काकूंचे होते. राहता राहिला उजेड. किती वेळ भिंग उघडे ठेवायचे हे उजेडावर ठरते. त्यासाठी नानाजी हाताची मागची बाजू उन्हाकडे धरत आणि विचारत, "सावली कशी हाय?"

"काठ मऊ हाय," काकू सांगत. किंवा, "चरचरीत पडली. जरा थांबा, ढग येऊन राह्यला."

हे संभाषण मी कितीदा ऐकले आहे. इतर घरांत नवराबायको भाजीबद्दल बोलतात, हे दोघे सावलीबद्दल बोलत. गेल्या संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेलो तेव्हाही नानाजी ओट्यावर बसले होते. माझ्या पावलांवरून त्यांनी ओळखले असावे, कारण मी बोलण्याआधीच म्हणाले, "ये बापू. नागपूरचं पानी मानवलं नाई वाटते तुले, चाल बारीक झाली." मग आत वळून, "अवो, ऊन कुठवर आलं?" आतून उत्तर आले, "तुमच्या चपलेपाशी." त्यांनी पाय उन्हात सरकवले. त्यांची माझी ती शेवटची भेट.

देवळीच्या लग्नात मात्र हे सगळे उघड होण्याची वेळ आली होती. त्या प्रसंगी मी हजर नव्हतो. तिथल्या तिघांना मी वेगवेगळे विचारले. तिघांचे सांगणे जुळते. लग्न एका पाटलांच्या घरचे. नवऱ्याचे मामा नागपूरला रेल्वेत नोकरीला होते आणि त्यांच्या गळ्यात स्वतःचा लहान कॅमेरा होता. सकाळी अंगणात ग्रुप मांडला गेला. वडीलधारे खुर्च्यांवर, बाकीचे पुरुष खुर्च्यांच्या दोन्ही बाजूंना उभे, बायका मागे, मुले सतरंजीवर. काकूंनी गाठ लावली, नानाजींनी काळे कापड डोक्यावर घेतले. डोळे गेल्यावरही ते कापड घेत. न घेते तर कोणाला तरी खटकले असते. मामा बराच वेळ पाहत होते. म्हाताऱ्याने प्लेटची चौकट उचलताना हात आधी टेबलावर फिरवला होता, हे त्यांनी टिपले होते.

"क्यों उमाटेजी," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बराबर दिसून राह्यलं ना? का अंदाजानंच चाललं?"

मामा एक पाऊल पुढे सरकले.

"सांगा पाहू, तुमच्या काचेत मी कसा दिसतो?"

कापडाखालून उत्तर आले, "उलटे दिसता, मामाजी. डोकं खाली, पाय वर."

मंडळी हसली. बायकांच्या रांगेतही हसू गेले. मामा हसले नाहीत. "ते तर सगळेच दिसतात. माझ्या बाजूले कोन उभं हाय ते सांगा."

इथे एक शब्द चुकला असता तर देवळीच्या बाजारात संध्याकाळपर्यंत तो पसरला असता आणि पुढच्या हंगामात उमाट्यांच्या दारात एकही गाडी थांबली नसती. तेवढ्यात चौकटीबाहेरून काकू करवादल्या, "मामाजी, बोलता बोलता तुमी पुढं सरकले. पाटीलबुवाची पगडी झाकली तुमी. अन् डाव्या हाताले ते हेडमास्तर उभे हायेत, त्यायचा चष्मा चमकून राह्यला. मास्तर, जरा मान खाली घ्या."

कापडाखालून नानाजी म्हणाले, "मास्तर, आनखी थोडी. आता ठीक. मामाजी, तुमी मागं व्हा, नाई तं पाटील म्हनतील माह्याच घरच्या लग्नात माही पगडी नाई."

मामा मागे सरले. नानाजी कापडातून बाहेर आले, चौकट बसवली, एक म्हणाले, दोन म्हणाले. दोरी हलली. तो फोटो देवळीच्या त्या घरी मी पाहिला आहे. खुर्च्यांच्या उजवीकडे उभ्या पुरुषांत मामा आहेत. त्यांच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याचे टाकेसुद्धा मोजता येतात. मास्तरांचा चष्मा चमकलेला नाही.

त्यानंतर मी हिंगणघाट आणि आसपासच्या गावांत बरीच घरे हिंडलो. नानाजींना दिसत होते तेव्हाचे फोटो आणि दिसत नव्हते तेव्हाचे फोटो यांत फरक करता येतो का, हे मला पाहायचे होते. काही ठिकाणी दोन बहिणींचे लग्नाचे फोटो एकाच भिंतीवर शेजारी होते. थोरलीचा आधीचा, धाकटीचा नंतरचा. मी जवळून पाहिले, दारातून पाहिले, फोटो खाली उतरवून उजेडात नेऊन पाहिले. वृत्तपत्रात काम करताना मी अनेक छायाचित्रकारांचे काम हाताळले आहे. मला फरक सापडला नाही. आंधळा माणूस हे करतो, यावर मला अजूनही सहज विश्वास बसत नाही. पण फोटो भिंतीवर आहेत आणि कोणालाही जाऊन पाहता येतील.

नानाजी गेले तेव्हा फाल्गुनातले एक लग्न आधीच ठरलेले होते, समुद्रपूरजवळच्या एका खेड्यातले. तेरवीनंतर दोन दिवसांनी मुलीचे वडील काकूंकडे आले. मी तिथे बसलो होतो. टोपी हातात फिरवत ते म्हणाले,

"काकू, तुमाले सांगासाठी आलो. मी आता नागपूरचा कोनी पाहतो."

"काऊन?" काकू म्हणाल्या. "मी येतो ना."

"तुमी? अन् कॅमेरा कोन चालवन?"

"मीच."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. "बाईमानसानं तिकाटन्यापाशी उभं राहनं..." असे म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "लोक बोलतीन का विधवा बाई नवरीपाशी गेली. पन पोरीची माय तं तुमचंच नाव घेऊन राह्यली. तिच्याही लग्नात तुमीच होते. पन काकू, दोरी कोन धरन आता?"

काकूंनी भिंतीकडे पाहिले. दोरी खिळ्यावर टांगलेली होती. तीस-पस्तीस वर्षे हाताळून तिचे एक टोक काळे झाले आहे आणि पहिली गाठ झिजून जवळजवळ सपाट झाली आहे. "ते मी पाहतो," काकू म्हणाल्या. "तुमी फकस्त ऊन यायच्या आत अंगन मोकळं ठेवजा."

लग्न ठरल्या दिवशी झाले. पुढचा भाग मला नवरीच्या भावाने सांगितला आणि नंतर नवरीनेही तेच सांगितले. काकूंनी सकाळी अंगणात तिकाटणे उभे केले. नवरीचा पदर सारखा केला, मुंडावळ्या बाजूला घेतल्या, डोळ्याच्या कोपऱ्याला गाठ टेकवली. कॅमेऱ्यापाशी जाऊन भाता खाचेत बसवला. काळे कापड डोक्यावर घेऊन पाहिले आणि बाहेर आल्या. प्लेट भरली. मग पुन्हा नवरीजवळ गेल्या आणि खाली सोडलेले दोरीचे टोक उचलून शालूखाली तिच्या मुठीत दिले.

"तुले वाटलं का, तवा ओढजो," त्या म्हणाल्या.

त्या कॅमेऱ्यापाशी परतल्या. फुगा हातात घेतला. एक म्हणाल्या, दोन म्हणाल्या. दोरी नवरीने ओढली.